रिंगमास्टरचं जुनं किट मिळालंय: बांधू की जपून ठेवू?

ओहायोकर:
मंडळी, छंद विभागात माझा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

इथे मॉडेलवाल्यांचा जुना बाजार भरतो, परवा तिथे चक्कर मारली. सगळीकडे फोमची विमानं, बॅटऱ्या, ड्रोनचे सुटे भाग. एका आजोबांच्या टेबलाखाली मात्र जुन्या खोक्यांची चळत होती. त्यात स्टर्लिंग कंपनीचं रिंगमास्टर निघालं. कंट्रोल लाईनचं, म्हणजे मधोमध उभं राहून दोन तारांवर स्वतःभोवती फिरवायचं विमान. पंख ४२ इंच. झाकणाचा कोपरा उंदराने खाल्लेला, पण आतला बाल्सा (मॉडेलांचं हलकं लाकूड), ज्यातून पंखाच्या फासळ्या म्हणजे रिब्ज सुट्या करायच्या ते लाकडी पत्रे, लँडिंग गिअरची तार आणि घडी घातलेला प्लॅन सगळं जागच्या जागी. घासाघीस न करता पैसे मोजले.

कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होतो तेव्हा अशी विमानं बघितली होती. ज्युनियर म्हणून पळत जाऊन पडलेलं विमान उचलून आणायचं एवढंच काम असायचं. हँडल हातात यायच्या आत तिसरं वर्ष संपलं.

प्रश्न दोन. हे किट बांधावं की तसंच ठेवावं? आणि दुसरा, जरा मोठा: ही विमानं आखली कुणी? खऱ्या विमानांचं विचारलं तर मिचेल, कॅम, केली जॉन्सन अशी नावं पटापट येतात. इथे मात्र कंपनीचं नाव सगळ्यांना पाठ आणि आरेखकाचं विचारलं की शांतता. माझ्या मते या लोकांवर अन्यायच झालाय.

साबुदाणा:
फोटोशिवाय धागा म्हणजे मिठाशिवाय खिचडी. फोटो टाका.

खडूस नारायणपेठकर:
किंमत घरी खरी सांगितलीत का? उत्तर व्यनितून चालेल.

ओहायोकर:
@खडूस: पावती उंदराने खाल्ली.

लष्करच्या भाकऱ्या:
अहो बांधा! विमान काय शोकेसमध्ये ठेवायला असतं?

ज्यांना ही भानगडच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हातात एक हँडल. त्याला दोन पोलादी तारा, साधारण ५० ते ६० फूट. त्या डाव्या पंखातून आत जाऊन एका त्रिकोणी पत्र्याला जोडलेल्या असतात, तो बेलक्रँक. तिथून एक सळई मागे शेपटीपर्यंत जाते आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची वर-खाली होणारी आडवी फळी, हलवते. हँडल वर झुकवलं की नाक वर, खाली झुकवलं की नाक खाली. बाकी ना रेडिओ, ना बॅटरी. इंजिनचा वेगही बहुतेक वेळा हातात नसतो. टाकी संपली की इंजिन बंद आणि विमान जिथे असेल तिथून उतरवायचं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. रिंगमास्टर मॅट कानियाचं. फिलाडेल्फियाच्या स्टर्लिंगने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आणलं. चपटं फळीसारखं धड, बिनफ्लॅपचा (पंखामागे हलती पट्टी नसलेला) सरळसोट पंख, आठवड्याभरात तयार होईल असं बांधकाम. एका पोराला झेपेल आणि तरीही लूप, उलटं उड्डाण, आठचे आकडे सगळं करेल, हे त्यात साधलं होतं. आजही दर ऑक्टोबरात जगभरचे लोक आपापली रिंगमास्टर बाहेर काढून उडवतात आणि एकूण उड्डाणं मोजतात. फ्लाय-ए-थॉन म्हणतात त्याला. विसरलेल्या माणसाच्या नशिबी हे येत नाही, तेव्हा अन्यायाचं तेवढं राहू द्या.

आज्जीचा चष्मा:
एक बाळबोध प्रश्न. माणूस मध्ये उभा राहून गरगर फिरतो, मग चक्कर येत नाही?

लष्करच्या भाकऱ्या:
येते की. पहिल्या खेपेला सगळ्यांनाच. नजर विमानावरच ठेवायची, मागच्या झाडांकडे पाहिलंत की संपलंच. हळूहळू शरीराला सवय होते. आमच्या तुकडीत एक जण उतरल्यावर सरळ चालत येतोय असं वाटायचं आणि नेमका इंधनासाठी आणलेल्या ईथरच्या डब्यावर जाऊन आदळायचा.

वऱ्हाडी ठेचा:
म्हंजे पयले गरगर फिरायचं अन मंग ईथरचा वास घ्यायचा. हे एनसीसी होती का दुसरंच काई होतं बापू?

म्युझियमचा रखवालदार:
भाकऱ्यांशी साफ असहमत.

न उघडलेली जुनी किटं दर वर्षी कमीच होणार आहेत. आणि रिंगमास्टर बांधायला हेच किट लागतं असं थोडंच आहे? प्लॅन सहज मिळतो, लेझरने कापलेले रिब्जचे संच मिळतात, आणि ते त्या काळच्या ठशांनी चेपून कापलेल्या तुकड्यांपेक्षा कितीतरी साफ असतात. इतक्या वर्षांत बाल्सा कोरडा पडून ठिसूळ होतो ते वेगळंच. अस्सल खोकं फोडून त्यातून बरं-वाईट एक विमान करायचं आणि तिसऱ्या उड्डाणाला मातीत घालायचं, यात काय मिळवलं?

इंडियानात मन्सीला राष्ट्रीय मॉडेल विमान संग्रहालय आहे, तुमच्या शेजारच्याच राज्यात. एकदा जाऊन या, मग ठरवा.

लष्करच्या भाकऱ्या:
रखवालदारसाहेब, कानियाने हे पोरांनी उडवून फोडावं म्हणूनच आखलं होतं. फोडलं, चिकटवलं, पुन्हा उडवलं.

म्युझियमचा रखवालदार:
हो, आणि म्हणूनच आता शिल्लक नाहीत.

पोपट_परत_आला:
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वायुपुत्र:
धाग्याचा दुसरा प्रश्न मला जास्त रंजक वाटतो. कंट्रोल लाईन हा प्रकारच कुणी काढला यावरून अमेरिकेत कोर्टकज्जा झालाय.

सगळीकडे नाव येतं ते ओरेगनमधल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरचं. अमेरिकन ज्युनियर एअरक्राफ्ट ही त्याची कंपनी. चाळीसच्या दशकाच्या तोंडावर त्याने फायरबॉल नावाचं विमान विकायला काढलं, दोन तारा आणि बेलक्रँकच्या रचनेला ‘यू-कंट्रोल’ असं नाव दिलं आणि पेटंट घेतलं. गडी हाडाचा शोमन. एकाच वेळी तीन विमानं उडवून दाखवायचा: दोन्ही हातांत एकेक आणि तिसरं डोक्याला बांधलेलं. रेडिओवर चालणारं गवत कापायचं यंत्रही त्याने केलं होतं. पेटंटच्या जोरावर तो इतर किटवाल्यांकडून पैसे मागायचा.

मग गाठ पडली कॅलिफोर्नियाच्या लिरॉय कॉक्सशी. हा तोच कॉक्स, ज्याची ०.०४९ घन इंचाची चिमुकली इंजिनं पुढे घरोघरी पोचली. कॉक्स कोर्टात लढला आणि त्याच्या बाजूने साक्षीला उभा राहिला ओबा सेंट क्लेअर. हाही ओरेगनचाच! त्याने १९३६ मध्ये पोर्टलंडच्या बाजूलाच, ग्रेशमजवळ, तारांनी ताब्यात ठेवलेलं विमान उडवलं होतं. १९५५ मध्ये वॉकरचं पेटंट रद्द झालं.

तिकडे टेक्ससमध्ये शुलेनबर्गला व्हिक्टर स्टँझेल साधारण त्याच काळात ‘टायगर शार्क’ विकत होता. त्याची पद्धत आणखी निराळी, एकाच दोरीची. त्या गावात आज स्टँझेल यांच्या नावाचं संग्रहालय आहे.

आता सांगा, जनक कोण?

काळा कोट:
वायुपुत्र, छान लिहिलंत. पेशाने पेटंटची कामं करतो म्हणून दोन शब्द.

पेटंट रद्द झालं याचा अर्थ वॉकरने चोरी केली असा होत नाही. नावीन्य नाही एवढं दाखवलं तरी पुरतं. आधीचं यंत्र ओबडधोबड असलं, त्यातून कुणी दमडी कमावली नसली, तरी ते आधीचं असलं की पुरे. त्यामुळे कोर्टाचा निकाल आणि ‘जनक कोण’ हा प्रश्न, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टाला दुसऱ्यात रस नसतो.

वायुपुत्र:
बरोबर. सेंट क्लेअरची रचना आजच्यासारखी नव्हतीच म्हणतात. छपरावरच्या टीव्हीच्या अँटेनासारखा मोठा सांगाडा आणि त्याला बऱ्याच दोऱ्या. आज जगभर जे उडतं ते वॉकरच्या दोन तारा आणि बेलक्रँकवरच. म्हणून माझं मत वॉकरला.

दगडफूल:
माझं सेंट क्लेअरला. जाहिरात करणाऱ्याला सगळं श्रेय द्यायची खोड जुनीच आहे. ज्याने आधी करून पाहिलं तो मागे, आणि ज्याने खोक्यात घालून विकलं तो पुढे.

काळा कोट:
दगडफूल, गंमत बघा. पेटंट गेलं, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्टंट प्रकारातल्या विजेत्याला जो चषक मिळतो त्यावर नाव वॉकरचंच आहे.

दगडफूल:
तेच म्हणतेय मी.

साबुदाणा:
स्टीलच्या तारांऐवजी मांजा चालेल का? घरी दोन फिरक्या पडून आहेत.

बेलक्रँक:
@साबुदाणा: नाही. दोरा ताणला की लांब होतो. मग तुम्ही हँडल वर करता आणि विमानाला ती बातमी जरा उशिरा कळते. अगदी छोट्या कॉक्सच्या विमानांना डॅक्रॉनचा दोरा चालायचा, कारण ओढच कमी. रिंगमास्टरचा हिशेब करून दाखवतो.

तारा १८ मीटर धरा. एक फेरी साधारण सव्वापाच सेकंदांत. परीघ ११३ मीटर, म्हणजे वेग सेकंदाला साडेएकवीस मीटर, ताशी ७७ किलोमीटर. विमान ९०० ग्रॅमचं. बाहेर जाणारी ओढ होते जवळपास २३ न्यूटन, म्हणजे सव्वादोन-अडीच किलोची पिशवी हाताला सतत लटकलेली. ही ओढ आहे तोवर विमान तुमचं. ढिली पडली की तार म्हणजे नुसती शोभा.

आणि इथेच आरेखकाचं कसब सुरू होतं. जुना प्लॅन नीट पाहा: डावा पंख, म्हणजे आतल्या बाजूचा, उजव्यापेक्षा थोडा लांब असतो. तारांचं वजन आणि वाऱ्याचा अडथळा त्या बाजूला असतो, शिवाय आतला पंख लहान वर्तुळात फिरत असल्यामुळे किंचित हळू जातो. उजव्या टोकाला शिशाचा तुकडा. उभा रडर जरा बाहेर वळवलेला, इंजिनचं तोंडही अंशभर बाहेर. तारा पंखातून बाहेर येतात ती जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे. यातली एकेक गोष्ट कुणाचं तरी विमान डोक्यावरून ढिलं होऊन खाली आल्यावर सुचलेली आहे. कागदावर बघताना वाटतं, माणसाने पट्टी चुकीची धरली होती की काय.

ओहायोकर:
बेलक्रँक, आत्ता प्लॅन उघडून पाहिला. खरंच की! मी मनात म्हटलं होतं, छपाईत काहीतरी गडबड आहे.

पंखा क्रमांक ९x६:
आरेखकांचा विषय निघालाय तर जॉर्ज आल्ड्रिचला विसरून कसं चालेल? टेक्ससचा माणूस. १९५२च्या सुमारास त्याने नोब्लर आखलं आणि कसरतीच्या विमानांचा चेहराच बदलला. जाड, बोथट नाकाचा निमुळता पंख, मोठी शेपटी, आणि एलिव्हेटरला जोडलेले फ्लॅप: एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली. त्यामुळे वळणात पंखाला जास्त उचल मिळते आणि विमान फेंगडं न होता कोपरा कापतं. चौकोनी लूपमध्ये याचा फायदा कळतो. टॉप फ्लाईटने त्याचं किट काढलं आणि पुढची कित्येक वर्षं निम्मी मैदानं नोब्लरनेच भरलेली असायची. इंजिनांच्या बाबतीतही आल्ड्रिच वल्ली होता. दुसऱ्यांची इंजिनं घासूनपुसून त्यातून जास्त काम काढायचा.

बेलक्रँक:
+१, पण फ्लॅप एकट्या आल्ड्रिचच्या नावावर लावू नका. कॅलिफोर्नियात बॉब पामर त्याच काळात फ्लॅपवाली विमानं उडवत होता. बरबँकच्या व्हेकोने त्याचं स्मूदी किटरूपात आणलं. माझ्या मते दिसायला स्मूदी नोब्लरपेक्षा उजवं आहे.

पंखा क्रमांक ९x६:
दिसायला? अहो तो हनुवटी पुढे काढलेला प्राणी आहे.

बेलक्रँक:
तुमच्या आयडीतला पंखा जरा जास्तच फिरतोय.

पंखा क्रमांक ९x६:
ओहायोकर, तुमच्या राज्याचा माणूस राहिला. बिल वेरवेग, क्लीव्हलंडजवळच्या बेरियाचा. त्याचं एरीस हे विमान आलं तेव्हा तो पोरगाच होता, आणि पुढे जगज्जेता झाला. रिंगमास्टर जमलं की एरीसकडे वळा. पण आधी रिंगमास्टर.

मधली फळी:
संपादकांतर्फे: विमानांच्या दिसण्यावरून वैयक्तिक होऊ नये. (स्मूदी खरंच देखणं आहे. हे वैयक्तिक मत.)

एरंडेल काका:
सगळे अमेरिकेतच फिरताय. ब्रिटिशांचं काय?

आम्ही एअर विंगला जे शिकलो ते सगळं त्या वळणाचं. अमेरिकेत मिथेनॉल पिणारी ग्लो इंजिनं, ब्रिटनमध्ये डिझेल. मॅकल्सफील्डची पॉ, ऑलिव्हर टायगर, मिल्स, ईडी ही सगळी डिझेल मंडळी. आपल्याकडे कलकत्त्याची ऑरोरा. डिझेलला स्पार्क नाही, बॅटरी नाही. डोक्यावर आडव्या दांडीचा एक स्क्रू, तो पिळून दाब वाढवायचा आणि बोटाने पंखा मारायचा. सुरू झालं तर झालं. नाही झालं तर बोट सुजेपर्यंत मारायचं.

इंधन आमचे सर स्वतः मिसळायचे: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तिन्ही समसमान. ईथर उडून जातं म्हणून ते शेवटी, सावलीत, आणि बाटलीला घट्ट बूच. रॉकेल रेशनचं. एरंडेल औषधाच्या दुकानातलं. लहानपणी आजीने नाक दाबून पाजलेलं एरंडेल मोठेपणी तोंडावर तुषार म्हणून यायचं. दुपारभर धुरात उभं राहिलं की त्याचा जो परिणाम व्हायचा तो व्हायचाच. कॅम्पच्या शौचालयापुढची रांग एअरोमॉडेलिंगवाल्यांचीच असायची.

आरेखक म्हणाल तर कीलक्राफ्टचा बिल डीन आणि बोर्नमथच्या व्हेरॉनचा फिल स्मिथ. आणि जॉर्ज फुलरचं पीसमेकर! छोटं, अडीच सीसीचं, दिसायला सरळ आणि वळायला माकड.

वऱ्हाडी ठेचा:
काका, तो रांगेचा किस्सा सविस्तर टाका ना.

एरंडेल काका:
जेवणाच्या वेळी नाही.

आज्जीचा चष्मा:
एनसीसीत अजून चालतं का हे?

लष्करच्या भाकऱ्या:
चालतं. वायुसैनिक कॅम्पमध्ये कंट्रोल लाईनची स्पर्धा असते, रेडिओवाली आणि स्टॅटिक मॉडेलंही असतात. रेडिओला पोरांची गर्दी जास्त हे खरं, पण तारांवर शिकलेल्या पोराचा हात वेगळा ओळखू येतो.

नवशिक्यांसाठी एक गोष्ट. मनगट हलवू नका. कोपर सरळ ठेवून अख्खा हात खांद्यातून वर-खाली करा. मनगटाने मारलात की विमान घोड्यासारखं उधळतं आणि तुम्ही ते सावरायला उलटं मारता. तिथून जमीन फार लांब नसते.

तारयंत्री:
धागा आवडीने वाचतोय. वीज वितरणात नोकरी असल्याने एक सूचना, जरा गंभीर.

हातातून निघालेल्या १८ मीटरच्या दोन उघड्या पोलादी तारा आणि त्यांच्या टोकाला वर चढणारं विमान. गावाबाहेरच्या मैदानाच्या कडेने जी साधी लाईन जाते ती बहुतेकदा ११ केव्हीची असते. तिला प्रत्यक्ष शिवायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी झेप घेते, आणि हँडल तुमच्या मुठीत. वर्तुळ आखताना तारांची लांबी, हाताची लांबी आणि वाऱ्याने तुम्ही सरकाल ते अंतर, सगळं धरून बाजूला भरपूर मोकळी जागा सोडा. एका बाजूला जरी लाईन दिसली तरी मैदान बदला. ढगांचा गडगडाट सुरू झाला की गुंडाळा.

लष्करच्या भाकऱ्या:
तारयंत्री, सोळा आणे. ओहायोकर, हँडलला मनगटात अडकवायचा पट्टाही लावा. हात सुटला तर विमान प्रेक्षकांत जातं.

ई-पाखरू:
जरा वेगळा सूर. हे ईथर, एरंडेल, सुजलेलं बोट कशासाठी? आता विजेच्या मोटरवर कंट्रोल लाईन उडते. टायमर लावला की ठरलेल्या वेळेला मोटर बंद. आवाज नाही म्हणून शेजारी तक्रार करत नाहीत. पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत वेग सारखा.

एरंडेल काका:
वेग सारखाच हवा असेल तर छताचा पंखा बघत बसा.

बेलक्रँक:
काकांचा राग बाजूला ठेवला तरी एक मुद्दा आहे. फॉक्स ३५ हे इंजिन कसरतवाल्यांना का आवडलं? ड्यूक फॉक्सने चाळिशीच्या दशकाच्या शेवटी काढलं आणि पुढे कित्येक दशकं बनत राहिलं. सरळ उडताना ते मुद्दाम इंधन जास्त देऊन लावायचं, म्हणजे ते जडपणे, एकाआड एक फेरीला पेटत चालतं. नाक वर गेलं की मिश्रण आपसूक पातळ होऊन इंजिन पूर्ण जोरात येतं, आणि सरळ झालं की पुन्हा जड. पायलटने काहीही न करता चढावर ताकद वाढते. कानाला तो बदल स्पष्ट ऐकू येतो. विजेवाल्यांना आज तोच परिणाम आणायला इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर बसवावा लागतो.

ई-पाखरू:
हे माहीत नव्हतं. पण गव्हर्नर बसवला की तो बसवला, दर रविवारी इंधनाची सुई फिरवत बसावं लागत नाही.

काळा कोट:
दोघांचंही बरोबर. पुढची तारीख.

शेंडेफळ:
पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, आमच्या कोकणात मुबलक. बाल्साऐवजी चालेल का?

बेलक्रँक:
हलकं असलं तरी बाल्सापेक्षा बरंच जड. धडाच्या फळीला, इंजिनच्या मागे, कदाचित. रिब्जना नको. वजन वाढलं की बिनफ्लॅपच्या पंखाचं वळण मोठं होत जातं, आणि मोठ्या वळणाला खाली जागा लागते.

ओहायोकर:
बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. खोकं टेबलावर उघडून बसलोय.

रिब्ज पत्र्यातून निघत नाहीयेत. ठसा अर्धवटच बसलाय, ढकललं की तंतू कापायच्या ऐवजी फाटतात. दोन रिब्ज गेल्या, मग थांबलो. प्लॅन मात्र सुरेख आहे, घड्यांवर जरा विरलाय एवढंच. बिजागरांची पद्धत बघून मजा वाटली. शेपटी आणि एलिव्हेटर जाड दोऱ्याने शिवायचे: एका फळीतून वर, फटीतून खाली, दुसऱ्या फळीतून वर, इंग्रजी आठच्या आकड्यात. उरलेल्या लाकडावर शिवून पाहिलं, प्लास्टिकच्या बिजागरापेक्षा सैल आणि हलकं फिरतं.

सध्याचा बेत असा: प्लॅन स्कॅन करायचा, शाबूत रिब्जवरून साचा काढायचा, आणि विमान नव्या बाल्साचं बांधायचं. जुनं लाकूड, झाकण, मूळ प्लॅन परत खोक्यात.

म्युझियमचा रखवालदार:
शहाणपणाचा निर्णय. त्या दोन रिब्जचे तुकडेही खोक्यातच ठेवा.

लष्करच्या भाकऱ्या:
मला पटलेलं नाही, पण विमान होतंय ना, मग ठीक. निदान लँडिंग गिअरची तार तरी जुनी वापरा. पोलाद काही ठिसूळ होत नाही.

म्युझियमचा रखवालदार:
तार घ्या. तारेवर तडजोड करायला तयार आहे.

पोपट_परत_आला:
या संस्थळावर दोन आयडींचं एकमत! तारीख लिहून ठेवा रे.

दगडफूल:
ओहायोकर, विमानावर कानियाचं नाव लिहिणार आहात ना?

ओहायोकर:
@दगडफूल: डाव्या पंखावर, देवनागरीत.

एक शेवटचं विचारायचं होतं. त्याच आजोबांकडे फॉक्स ३५ही आहे, चालू स्थितीतलं. घरी रेडिओ विमानाचं इंधन अर्धा गॅलन उरलंय. तेच घातलं तर चालेल?

एरंडेल काका:
हात लावू नका!! तुमच्या त्या इंधनात तेल कमी, १८ टक्क्यांच्या आसपास, आणि तेही बहुतांश सिंथेटिक. फॉक्सचा पिस्टन लोखंडी, रिंग नाही, आणि क्रँकला बेअरिंगऐवजी साधं बुश. त्याला २५ ते २९ टक्के तेल लागतं आणि त्यात एरंडेलच हवं, निदान मोठा हिस्सा. सिंथेटिकवर पळवलंत तर एका मोसमात बुश खलास. तुमच्या इंधनात वरून एरंडेल घालून प्रमाण वाढवता येतं मात्र. डबा कुठला आहे ते सांगा, किती मिली घालायचं तो हिशेब करून देतो.

आणि नाकाला दोन्ही बाजूंनी प्लायवूडची पट्टी चिकटवा. चपट्या धडाचं नाक थरथरतं, टाकीत इंधनाचा फेस होतो, आणि इंजिन नेमकं लूपच्या माथ्यावर खोकतं.

ओहायोकर:
डब्यावर तेल १८ टक्के, नायट्रो १० टक्के लिहिलंय. अर्ध्या गॅलनपेक्षा थोडं कमीच असेल.

एरंडेल काका:
मोजून सांगा. थोडं कमी म्हणजे किती ते इंजिनला कळतं.

वऱ्हाडी ठेचा:
अन उरलेलं एरंडेल काकांले पाठवा.